लेकुरवाळीची पेज

दसऱ्याच्या सकाळी नाशिकच्या पेठ नाक्यावर लोंब्या विकायला बाया बसतात. पहिल्या जीपने घाट चढून आलेल्या असतात. झेंडूचा ढीग त्यांच्यापुढे नसतो, तो मळेवाल्यांचा धंदा. यांच्याकडे फक्त भाताच्या लोंब्या आणि नागलीची कणसं, सालीच्या दोरीने बांधलेल्या जुड्या. लोक त्या तोरणात ओवायला नेतात. आमच्या घरी तोरण लावत नाहीत. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो, वंदना होते, खीर खातो आणि घरी येतो. तरी गेली काही वर्षं परतताना मी त्या पांढऱ्या साडीतच पेठ नाक्यावर उतरते आणि जमिनीवर उकिडवी बसून नागलीची कणसं एकेक करून चाळते.

या वर्षी एकीने मला ओळखलं. "ही बाई दर सालाला येती," ती शेजारणीला म्हणाली. "समदी कणसं इस्कटती आन् घेत काय नाय."

"घेते की," मी म्हटलं आणि ओशाळून दोन जुड्या उचलल्या.

"पन शोधता काय ताई? सोनं पडलं काय तुमचं यात?"

मी हसून वेळ मारून नेली. बरोबर माझी आठ वर्षांची लेक होती, तिला असली वेळ मारून नेणं अजून जमत नाही. "आई हरवलेली नागली शोधते," तिने सांगून टाकलं. बायांना ते फारच गमतीचं वाटलं. नागली का शेळी हाय हरवायला, असं म्हणून त्या पोट धरून हसल्या.

नागलीचं कणीस ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका दांड्यावर पाच-सात बोटं असतात, हाताच्या पंजासारखी. दाणा भरू लागला की ती आत वळतात आणि पिकल्यावर मूठ आवळल्यासारखी होतात. मी शोधते ती नागली पिकली तरी मूठ पुरती आवळायची नाही. तिला पिकायची घाईही नसायची. बाकीच्या शेतात विळा फिरून गेला तरी ही आणखी पंधरा दिवस हिरवीच. तिचं नाव लेकुरवाळी. ती आता कुठेच नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. ती नाही याला कारण मी आहे, हेही ठाऊक आहे. तरी दसरा आला की पाय नाक्याकडे वळतात.

आज मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तेव्हा पीएच.डी. करत होते. पेठ-सुरगाण्याकडच्या नागलीचे किती वेगवेगळे वाण आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे डीएनए मार्करने तपासायचं, असा विषय. आईने तो शेजारणींना "आमची नागलीवर डॉक्टरकी करतेय" असा सांगितला, आणि पुढे वर्षभर कॉलनीतल्या बायका मला मधुमेहाला नागली चालते का ते विचारत राहिल्या.

मार्कर म्हणजे काही यंत्र नव्हे. झाडाच्या पेशीत डीएनएचा जो लांबलचक धागा असतो, त्यावरच्या खुणा. अख्खा धागा वाचायची आमची ऐपत नव्हती, म्हणून मोजक्या जागी थांबून बघायचं, इथे खूण आहे की नाही. दोन झाडांच्या खुणा जुळल्या तर ती जवळची, नाही जुळल्या तर लांबची. पान खलबत्त्यात कुटायचं, गरम द्रावणात शिजवायचं, गाळायचं, आणि शेवटी थंडगार अल्कोहोल ओतलं की नळीत पांढरी गुंतवळ तरंगू लागते. तोच डीएनए. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे त्या खुणा जेलच्या पातळ वडीवर पट्ट्यापट्ट्यांनी उमटतात. कुणाच्या पट्ट्या कुठे आहेत हे बघून झाडांची वंशावळ मांडायची.

हे काम मला इतकं का आवडलं ते आता उघडच सांगते. लहानपणापासून नुसतं नाव ऐकून माझ्याबद्दल कुणाचं समाधान झालं नाही. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा, आणि आडनाव सांगितलं की समोरच्याचं कोडं सुटल्यासारखं व्हायचं. शाळेत, भाड्याची खोली बघताना, मुलाखतीत, सगळीकडे. मार्करला नावाशी देणंघेणं नव्हतं. पाकिटावर नुसता क्रमांक. कोण कुणाला वरचं मानतं, कोण खालचं, याची तिथे विचारपूस नाही, आत काय आहे तेवढं बघायचं. नावं दोन आणि आत एकच असं निघालं की मला मनापासून आनंद व्हायचा. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "निकालाच्या प्रेमात पडू नये." मी मान डोलवायचे आणि पडायचे.

देवकामावशीकडे मी पहिल्यांदा गेले ते भाद्रपदात. पेठच्या पुढे जीप सोडून तासभर चालावं लागे असा पाडा. देवका त्या पाड्याची सुईण. साठी ओलांडलेली, काटक, पण गुडघे गेलेले. उठताना भिंतीला हात लावून "आये गं" म्हणायची आणि मग स्वतःलाच हसायची. घरात त्यांची कोकणी चाले, समुद्रकाठची नव्हे, तिथल्या आदिवासींची; माझ्याशी मात्र ती मला कळेल अशी मराठी बोलायची. शेतात सगळीकडे मुठी नावाची नागली होती. बांधालगत मात्र दोन खाटा मावतील एवढा पट्टा वेगळा राखलेला. तो लेकुरवाळीचा.

"ही आपल्याला खायाला नाय," तिने सांगितलं. "ही बाळंतिणीची. माज्या सासूनं राखली, तिच्या सासूनं राखली. पाड्यात बाळ झालं का मी हिचं पीठ नेती. सवा महिना पेज पाजायची. दूध उतरतं, कंबर धरती."

सुईणपणाबरोबर हा पट्टाही सासूकडून सुनेकडे येत गेला होता. त्याची एक रीत होती. पीठ कुणालाही द्यायचं, बी कुणालाच नाही. दुसऱ्याच्या शेतात ते दुसऱ्या नागलीत मिसळलं तर निवडत कोण बसणार? म्हणून ती अख्ख्या पाड्यात एकाच घरी. मी वहीत हे लिहून घेतलं आणि पुढे कंसात 'लोकसमजूत' असं लिहून टाकलं.

मला दोन्ही नागल्या सारख्याच दिसत होत्या. कणसं अजून कोवळी होती. "तुम्हाला फरक कसा कळतो मावशी?" मी विचारलं. तिने माझी बोटं धरून पानाच्या बुडापाशी नेली. "हितं बघ. ही खरबडती. ती नाय." मला काहीही कळलं नाही. मी हो म्हटलं.

दोन्हींची कोवळी पानं खुडून पाकिटांत घातली, बरोबर ओल शोषणारे खडे, नव्या बुटांच्या खोक्यात असतात तसले. मुठीचा क्रमांक सतरा, लेकुरवाळीचा अठरा. निघताना ती आत गेली. चुलीच्या वर आढ्याला वाळलेला दुध्या भोपळा टांगलेला होता, धुराने काळाभोर झालेला. पेरायचं बी त्यात. तिने मूठभर काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हिचं बी मी देत नाय कुनाला. पन तू ने. तुज्या कामाचं हाय."

"नको मावशी," मी म्हटलं. "पानच पुरे."

खोटं नव्हतं ते. डीएनए पानातूनच चांगला निघतो. बियांना कीड लागते, त्यांना जागा लागते, सरांनी फक्त पानं आणायला सांगितली होती, आणि पाठीवरची पिशवी आधीच जड झाली होती. तिने मूठ परत भोपळ्यात रिकामी केली. एक दाणा जमिनीवर सांडला. बोट ओलं करून तिने तो उचलला आणि तोही आत टाकला.

आज विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगते, पान घ्या, पण बी आधी घ्या. मुलं ते वहीत लिहून घेतात. परीक्षेत हा प्रश्न येत नाही, म्हणून बहुतेक विसरतातही.

निकाल हाती आला तो वैशाखात. सतरा आणि अठराच्या पट्ट्या तंतोतंत जुळत होत्या, आम्ही पाहिलेल्या दहा-बारा जागांपुरत्या. हे शेवटचे चार शब्द मी आज लिहिते आहे, तेव्हा ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. मला सातवा महिना लागला होता. घरचे नको म्हणत असताना मी जीपमध्ये बसले आणि दम खात खात पाड्यावर पोचले. पानं नेऊन गायब होणाऱ्यांतली मी नव्हे, ज्याचं त्याला घरी जाऊन सांगणारी आहे, याचा मला भारी अभिमान होता.

"मावशी, तुमची लेकुरवाळी आणि मुठी एकच आहे," मी सांगितलं. "नावं दोन, आत एकच."

"येकच?"

"एकच."

तिची सून भाकरी थापत होती, तिचेही हात थांबले. देवका म्हणाली, "मंग म्हातारीनं सांगितलं ते?"

"ते मानण्यावर असतं मावशी."

हे मी बोलले.

"मशिनीनं बघितलं?"

"हो."

"मंग बरंच झालं," सून म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. "येगळं पेरा, येगळं लावा, येगळं झोडा. यांच्यानं आता व्हत नाय आन् मला येकटीला उरकत नाय."

खरं म्हणजे पीठ न्यायला घरंही उरली नव्हती. आता फोन केला की गाडी येते आणि बाईला दवाखान्यात नेते. बाया वाचतात, पोरं वाचतात, हे उत्तमच आहे, यावर माझं दुमत नाही. पण दोन वर्षांत देवकाला एकाही घरून बोलावणं आलं नव्हतं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं, जवळ येऊन माझ्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. "पोरगी हाय," म्हणाली. त्याला मात्र तिला मशीन लागलं नाही.

आषाढात मला मुलगी झाली. सुनेच्या फोनवर मी देवकाला कळवलं. आठ दिवसांनी पेठच्या जीपवाल्याने नाक्यावर एक पिशवी आणून दिली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं नागलीचं पीठ, दोन-अडीच किलो असेल. निरोप एवढाच, की सवा महिना रोज पेज घ्यायची, एक दिवस चुकवायचा नाही. मला बरं वाटलं. घरची नागली दळून पाठवली असेल, असं समजून मी ते आईच्या हवाली केलं. आई बाळंतपणासाठी आलेली होती, ती रोज सकाळी पेज करायची आणि वाटी माझ्या हातात द्यायची.

त्याच दिवसांत माझ्या शोधनिबंधाची प्रूफं आली होती. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, एका हातात पेजेची वाटी, मांडीवर कागद. स्थानिक लोक वेगळे मानतात ते दोन वाण मुळात एकच असल्याचं आढळलं, असं एक वाक्य त्यात होतं. मी त्याच्या समोर बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

नंतरची तीन वर्षं मुलीच्या आणि नोकरीच्या धबडग्यात गेली. पाड्यावर जायचं राहून गेलं, फोन तेवढे व्हायचे. कॉलेजात माझ्या हाताखाली निकिता नावाची विद्यार्थिनी आली, रोज सिन्नरहून बसने यायची. तोवर जास्त बारीक नजरेचे मार्कर मिळू लागले होते. हात बसावा म्हणून मी तिला फ्रीझरमधले माझे जुने नमुने दिले. उत्तर माहीत असलेलं गणित आधी सोडवायला द्यावं तसं. चार दिवसांनी ती जेलचा फोटो घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, सतरा आणि अठरा जुळत नाहीत."

"नळ्या उलटसुलट केल्या असशील."

तिने पुन्हा केलं. मी पुन्हा करायला लावलं. तिसऱ्या वेळी मी शेजारी स्टूल टाकून बसले आणि प्रत्येक नळी स्वतः बघितली. चार जागी फरक होता. ढळढळीत, आंधळ्यालाही दिसावा असा.

"म्हणजे दोन वेगळ्या आहेत!" निकिता खूश झाली. "चांगलंच झालं ना मॅडम? नवीन सापडलं."

मी तिला शाबासकी दिली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

दिवाळी झाल्यावर मुलीला आईकडे ठेवून मी पाड्यावर गेले. आठवडाभर तिथेच राहिले. तो कार्तिक मला दिवसवार आठवतो. खुरासणीची पिवळी फुलं सुकत आलेली. शेतं कापून झालेली, नुसती खुंटं, चालताना पायाला टोचणारी. सारवलेल्या खळ्यांवर कणसं पसरलेली, आणि दिवस वर आला की पाड्यातून सगळीकडून झोडपण्याचा एकच आवाज, धप धप धप. हवेत कोंड्याची बारीक धूळ, तिने मान आणि कोपर खाजत राहायचे. दुसरा कुठला हंगाम मला इतका स्पष्ट आठवत नाही, माझ्या बाळंतपणाचासुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी मी देवकापुढे बसून सांगितलं. "मावशी, मी चुकले. त्या दोन वेगळ्याच होत्या."

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"मग मिसळल्या कशाला?" माझा आवाज चढला. स्वतःची चूक लवकर दुसऱ्याच्या पदरात टाकावी, अशी काहीतरी घाई त्यात होती.

"तू सांगितलंस ना. माजं हाताचं, तुजं शिक्षनाचं. येवढी शिकल्याली पोर, पोटुशी, डोंगर चढून सांगाया आली. तुला खोटं पाडू काय?"

घडलं होतं ते असं. त्या ज्येष्ठात तिने लेकुरवाळीचं बी मुठीच्या बियांत मिसळून पेरलं. मुठी पिकली तेव्हा सगळं शेत एकदमच कापलं. लेकुरवाळी तोवर हिरवी. तिची हिरवी कणसं झोडून दाणा पडेना, म्हणून ती बैलांपुढे टाकली. दुसऱ्या वर्षी चुकूनमाकून उगवली तिचंही तेच, तिसऱ्या वर्षी ती दिसलीच नाही. पंधरा दिवस उशिरा पिकायची तिची खोड, तेवढीच तिच्या मुळावर आली.

तरी आम्ही शोधत हिंडलो. मुठीच्या शेतांत एखादं ठोंब कापायचं राहिलं असेल, बांधावर एखादं आपोआप उगवलं असेल. देवका काठी टेकत पुढे, मी मागे. दुसऱ्यांच्या शेतांतही गेलो. लोक विचारायचे, ती कोकणीत काहीतरी सांगायची आणि ते माझ्याकडे बघायचे. पाचव्या दिवशी ओहोळाच्या कडेला मला एक ठोंब दिसलं. हिरवं, कणसाची बोटं मोकळी. मी ओरडून तिला बोलावलं. ती हळूहळू आली, वाकली, पानाच्या बुडापाशी बोट फिरवलं.

"नाय. ही नाय."

"नीट बघा ना मावशी."

"बघितलं. ही दुसरीच हाय."

मी तरी त्याचं पान घेतलं, या वेळी कणसंसुद्धा घेतली, फडक्यात बांधून. पुढे निकिताने तपासलं. देवकाचा हात बरोबर होता.

निघायच्या आदल्या दिवशी ती एकदम उमेदीने उठून बसली. "तुज्याकडं हाय ना पन! तू पानं नेली व्हतीस. फ्रीजमंदी ठिवलंय म्हनलीस."

"आहे मावशी."

"मंग त्यातलं द्यावं थोडं. पेरू की. पिकलं का परत देईन तुजं तुला."

त्या नळीत होतं ते सगळं लेकुरवाळीचंच होतं. तिची उंची, तिचा रंग, उशिरा पिकणं, पानाचं बूड खरबडणं, सगळं त्या चमचाभर पाण्यात उतरलेलं. फक्त ते मातीत टाकलं तर उगवत नाही. शेवटी मी विचारलं, "मावशी, नागलीचं पान पेरलं तर रोप येतं का?"

"नाय येत."

"माझ्याकडे पानच आहे."

रागाने नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून तिने विचारलं, "मंग ठिवलंस कशाला?"

मी विषय बदलायचा म्हणून आढ्याकडे बघितलं. "भोपळ्यात थोडंसं तरी राहिलं नसेल? सगळं बी काही पेरलं नसेल ना तुम्ही?"

देवका काठी घेऊन उठायला लागली. सून सुपात नागली पाखडत होती, तीच म्हणाली, "पेरलं ते अर्दंच. बाकीचं तुमालाच धाडलं की."

"मला?"

"बाळंतपनाला. दोनी येकच हायेत म्हनलात, मंग बी राखून करायचं काय, म्हनून सासूबाईंनी समदा भोपळा दळला. शेवटचं तरी बाळंतिणीच्या तोंडी जाऊ दे, म्हनल्या."

देवका तिच्यावर अशी ओरडली की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. सगळं कोकणीत, मला शब्द लागले नाहीत. पण एवढं लागलं की ही गोष्ट माझ्यापासून लपवायची असं तिने घरात सांगून ठेवलं होतं. गुडघे धरून आठवडाभर ती माझ्याबरोबर रानोमाळ हिंडली तीही त्यासाठीच, कुठेतरी एखादं ठोंब सापडावं आणि मला हे कधी कळायची वेळ येऊ नये.

परतताना घाटात मला रडू आवरेना. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?" मी नुसती मान हलवली. ती मला नाशिक येईपर्यंत थोपटत होती.

पुढे आम्ही त्या निबंधाची दुरुस्ती छापून आणली. दोन ओळींची. सर म्हणाले, असं शास्त्रात होतंच, कबूल केलं हे महत्त्वाचं. ते चुकीचं बोलत नव्हते. मार्करचाही काही दोष नव्हता, त्याने दाखवलं तेवढं खरंच होतं. मी दहा-बारा जागी बघितलं आणि सगळं बघितलं असं सांगून आले. आयुष्यभर मला आडनावावरून ओळखणाऱ्यांनी एकाच जागी बघितलेलं असायचं. त्यांचा मला राग यायचा, अजून येतो. त्यांच्यापेक्षा मी दहा जागा जास्त बघितल्या, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

देवका दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेली. मी पाड्यावर जाऊन आले. भोपळा अजून तिथेच टांगलेला आहे, सून त्यात मुठीचं बी ठेवते. आमच्या फ्रीझरमध्ये अठरा क्रमांकाची नळीही आहे. दर उन्हाळ्यात जुने नमुने टाकून द्यायची यादी माझ्याकडे सहीला येते. तेवढी एक ओळ मी खोडते.

तर या दसऱ्याला, नाक्यावर, बायांचं हसून झालं. मी जुड्या पिशवीत टाकत होते. कणसं सगळी पिकलेली, मुठी घट्ट आवळलेल्या. लेक माझ्याशेजारी उकिडवी बसली होती. तिला ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, एक तुकडा सोडून.

"मग ती नागली शेवटी खाल्ली कुणी?" तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं. "तू झालीस तेव्हा. सव्वा महिना पेज प्यायले तिची."

"म्हणजे कुणीच नाही खाल्ली त्याच्यानंतर?"

"कुणीच नाही."

जुडी बांधणाऱ्या बाईने हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. आता तीही ऐकत होती.

"कशी लागायची?" लेक म्हणाली.

मी आठवून पाहिलं. वाटी आठवली, स्टीलची, काठाला पोचा आलेली. पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली दोरी आठवली. प्रुफाच्या कागदावर पेजेचा थेंब सांडला होता आणि शाई पसरू नये म्हणून मी तो घाईघाईने पदराने टिपला होता, ते आठवलं. त्या वाक्यासमोरची माझी खूण आठवली. सव्वा महिना, रोज एक वाटी.

"सांग ना आई. गोड होती?"

"आठवत नाही," मी म्हटलं.